ओल्या प्लास्टरवरची खूण

माझे मामा दुसऱ्यांचे दात बनवायचे. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टरांचं नाव दारावर असतं, मामांचं कुठेच नव्हतं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, तो एका डब्यात घालून मामांकडे पाठवायचे आणि आठवड्याभरानं त्याच डब्यातून मामा कवळी परत पाठवायचे. ती ज्याच्या तोंडात बसायची त्याला मामा ठाऊकही नसायचे. पण रस्त्यात एखादा म्हातारा तोंड भरून हसताना दिसला की मामा थांबायचे, डोळे बारीक करून त्याच्या दातांकडे बघायचे आणि पुटपुटायचे, "आपलाच आहे."

मामी त्यांची बाही ओढायची. "अहो, चला. मार खाल एक दिवस. मग स्वतःसाठीच बनवत बसा."

मामांचा स्वतःचा पुढचा एक दात वाकडा होता. तो सरळ करावा असं त्यांना कधी वाटलं नाही. "सगळे सरळ असले की खोटे दिसतात," ते म्हणायचे. कवळीत दात लावतानाही ते एखादा दात केसभर वळवायचे. डॉक्टर कुरकुर करायचे, म्हातारे खूश व्हायचे.

काम घराच्याच मागच्या खोलीत चालायचं. एक लांब टेबल, दोन खिडक्या, गॅसची शेगडी, घासायचं चाक, आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरची तोंडं. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, नुसती तोंडं. त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, ही सगळी माणसं एकच वाक्य बोलता बोलता थांबली आहेत आणि ते वाक्य आमच्याबद्दल आहे.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, माझा भाऊ बारा. आई लांबच्या इस्पितळात होती. तिच्या फुप्फुसांना वर्षभर तरी तिथली हवा आणि औषधं लागणार होती. बाबा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. आम्ही आधी काकूंकडे राहिलो. दोन महिने. मग एका सकाळी भावानं न्हाणीघरातला नळ उघडा ठेवला आणि तो शाळेत गेला. पाणी खालच्या मजल्यावर उतरलं, खालच्यांच्या गाद्या भिजल्या. काकू वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला जेवू घातलं, केसांना तेल लावलं, आणि म्हणाल्या, "बाळांनो, मला नाही रे झेपत." चार दिवसांनी आम्ही आमच्या दोन पिशव्या घेऊन मामांच्या दारात उभे होतो. दोन्ही पिशव्या माझ्याच हातात होत्या.

त्या पिशव्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आई आजारी पडली तेव्हा मी दहाची होते. घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "किती समजूतदार आहे हो पोरगी!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला गोड वाटलं. नंतर तो हात डोक्यावरून उचललाच गेला नाही. भावाचं दप्तर मी भरायचे, त्याची हरवलेली चप्पल मी शोधायचे, त्यानं फोडलेल्या कपाचे तुकडे मी कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात नेऊन टाकायचे. त्याच्या पाठीमागे वस्तू आपोआप नीट होत जायच्या, आणि त्या तशाच होतात अशी त्याची समजूत झाली होती. त्याला बेजबाबदार सगळे म्हणायचे. त्याच्या वाटची जबाबदारी कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. ती माझ्याकडे होती. मी ती कुणाला दाखवतही नव्हते.

मामांनी आठवड्याभरात आमची नावं ठेवली. भावाला ते 'भुंगा' म्हणू लागले, कारण तो एका जागी बसायचा नाही आणि सतत तोंडानं काहीतरी गुणगुणायचा. मला 'मुकादम'.

"मुकादम, भुंग्यानं दात घासले का?"

"हो."

"त्याला विचारलं असतं तर?"

"त्यानं खोटं सांगितलं असतं."

"मग खोटं ऐकलं असतं मी. तुझं काय जात होतं?"

मला हे बोलणं बिनडोक वाटायचं. मी मनात ठरवूनच आले होते: या घरात काहीही बिघडू द्यायचं नाही. आणि बिघडलंच तर ते माझ्या हातून बिघडायला हवं. समजूतदार मुलीची एक चूक लोक पोटात घालतात. भावाच्या नावावर नळ होता. आणखी एक चूक झाली की आम्ही पुन्हा जिन्यात. आणि मामांच्या पुढे नात्यातलं दुसरं दार नव्हतं. पुढचं दार वसतिगृहाचं होतं, आणि तिथे मुलं एका इमारतीत असतात, मुली दुसरीत.

शाळेतून आलं की आम्ही दोघं मागच्या खोलीत असायचो. मामा शिकवत नव्हते, पण हाकलतही नव्हते. ठशात प्लास्टर ओतून तोंडाचा साचा करायचा, तसाच एक जादा साचा करून ठेवायचा. साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात दात बसवायचे. मग ते सगळं एका पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरायचं, उकळत्या पाण्यानं मेण वितळवून काढायचं, आणि मेणाच्या जागी गुलाबी मसाल्याचा गोळा दाबून भरायचा. कणकेसारखा गोळा, पण त्याचा वास नाकात सुईसारखा शिरायचा. मग डबी शिकंज्यात आवळून पाण्यात शिजवायची. शेवटी गॅस बंद करायचा आणि डबी त्याच पाण्यात, आपसूक, गार होऊ द्यायची. हे शेवटचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कठीण, कारण त्यात करायचं काहीच नसतं. गरम डबी उघडली तर कवळी वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण तोंडात बसत नाही.

मामांची एक पद्धत होती. डबी भरून झाल्यावर वाडग्यात थोडं प्लास्टर उरायचंच. त्याची ते बिस्किटाएवढी चकती करायचे. चकती ओली असताना तिच्यावर डॉक्टरांचा नंबर कोरायचे आणि खाली, ज्यानं ज्यानं काम केलं किंवा करणार आहे, त्याची खूण. मामांची खूण गोल. भुंग्यानं स्वतःची खूण स्वतः ठरवली, एक ठिपका आणि दोन पंख. मी चौकोन घेतला. चकती त्या कामाबरोबर ट्रेमध्ये फिरायची. कवळी गेली तरी चकती मामांकडे राहायची, एका खोक्यात.

"पुढे भांडण झालं तर पुरावा म्हणून?" मी विचारलं होतं.

"भांडण कशाला? आपण काय काय केलं ते आपल्याला माहीत असावं म्हणून."

"माझी खूण नाही कुठे," मामी दारातून म्हणाली. ती एका शिवणाच्या दुकानात काजं करायची, आणि बोटांत सुई नसली तरी बोलण्यात असायची. "मी या घरात नुसती हवा खायला येते."

"तुझी खूण माझ्या शर्टांवर असते ना."

"एक शर्ट, बारा डाग. त्याला खूण नाही म्हणत, त्याला संसार म्हणतात."

आम्ही तिथे आलो त्याच्या सातव्या महिन्यात क्लॅरिनेट मास्तरांचं काम आलं. हे गृहस्थ आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे, मुलांना क्लॅरिनेट शिकवायचे. वरचे दात गेले होते, जुनी कवळी ढिली झाली होती. वाजवताना ती हलायची आणि वाद्यातून मांजराची शेपटी चेंगरल्यासारखा आवाज निघायचा. त्या शनिवारी त्यांच्या शिष्यांचा कार्यक्रम होता, आणि त्यानंतर ते शिकवणं बंद करणार होते. शेवटचं वादन त्यांना स्वतः करायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवार संध्याकाळपर्यंत काहीही करून द्या.

मंगळवारी डबी भरायची तयारी झाली. मामांनी चकतीवर दोन गोल कोरले, दात बसवल्याचा एक आणि मसाला भरण्याचा एक. मग कोरणी भुंग्याकडे दिली. "उद्या शिजल्यावर निववायची आणि उघडायची तू. काढ खूण."

भुंग्यानं जीभ बाहेर काढून, श्वास धरून, ठिपका आणि दोन पंख काढले. मी म्हणाले, "मामा, याच्याकडे कशाला? मास्तरांचं काम आहे." मामांनी चकती उचलून ट्रेमध्ये ठेवली.

बुधवारी दुपारी मामांनी गॅस बंद केला. भुंगा बाराला शाळेतून आला होता. "आता हिला हात लावायचा नाही," मामा त्याला म्हणाले. "पाणी निवेल, मग डबी निवेल. संध्याकाळी बोटाला गार लागली की उघड." आणि ते दुसऱ्या कामांचे डबे घेऊन डॉक्टरांकडे गेले. मामी दुकानात होती.

मी साडेचारला घरी आले. मोरीत डबीचे तीन भाग सुटे पडले होते. प्लास्टरचा चुरा सगळीकडे. पातेल्यातल्या पाण्यात मी बोट घातलं, ते अजून चांगलंच कोमट होतं. डबी त्यानं बाहेर काढून नळाखाली धरली होती. टेबलावर कवळी होती, गुलाबी, ओली, इतकी सुंदर की क्षणभर मलाही वाटलं काही झालं नसेल.

फळीवरून मास्तरांचा जादा साचा काढला. कवळी त्यावर ठेवली. डाव्या बाजूला अंगठा दाबला. टक. उजवी बाजू उचलली गेली. उजवीकडे दाबलं. टक. डावी उचलली.

तो आवाज फार लहान होता. मला त्यात नळ ऐकू आला, काकूंचा आवाज ऐकू आला, आणि एका इमारतीचं दार मागे आणि दुसरीचं पुढे बंद होताना ऐकू आलं.

खिडकीतून भुंगा दिसत होता, खाली पोरांत, चेंडूमागे. मी चकती घेतली. सुरीच्या टोकानं ठिपका खरवडला, पंख खरवडले. त्या जागी चौकोन कोरला. चार रेघा, नीट, सरळ. हात थरथरत नव्हता. अशा कामात माझा हात कधीच थरथरत नसे.

भुंगा धापा टाकत वर आला. "बघितलीस? मी उघडली! एकट्यानं!"

"वाकलीय ती."

त्याला कळायला वेळ लागला. त्याच्या तोंडावरचं हसू आधी गेलं आणि मग अर्थ पोचला.

"तू गरम उघडलीस. नळाखाली धरलीस ना?"

"पोरं हाका मारत होती. आणि मला बघायची होती... ताई, मला फक्त बघायची होती."

"तू काही बोलायचं नाहीस. मी उघडली. कळलं?"

"पण खूण..."

"खूण मी बदललीय. नळ आठवतो ना तुला?"

नळ हा शब्द मी त्याच्यावर पहिल्यांदाच उगारला होता.

सहाच्या सुमारास मामा-मामी एकत्रच जिना चढले. मामांनी पिशवी ठेवली, हात धुतले, कवळी साच्यावर ठेवली. टक. टक. त्यांनी तिसऱ्यांदा दाबून बघितलं नाही.

"कोणी उघडली?"

"मी," मी म्हणाले. "शाळेतून आले, मला वाटलं गार झाली असेल. माझं चुकलं. चकतीवर माझीच खूण आहे."

हे शेवटचं वाक्य मी म्हणायला नको होतं; काल भुंग्यानं खूण काढली होती ती मामांच्याच समोर. मामांनी चकती उचलली, खिडकीशी नेली, तिच्यावरून नख फिरवलं. मग ती माझ्यासमोर धरली.

"फुंकर मार."

मी मारली. चौकोनातून पांढरी पूड उडाली आणि मामांच्या शर्टवर बसली.

"आता या गोलावर मार."

मारली. काही उडालं नाही.

"ओल्यात काढलेल्या रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक बांध येतो. सुक्यात काढली की नुसती पूड होते," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. एखादा माणूस हवामान सांगतो तसे ते बोलत होते. "ही खूण आजची आहे, मुकादम. चकती कालची आहे."

"पोलिसांत जायला हवं होतं तुम्ही," मामी शर्ट झटकत म्हणाली, पण तिचीही नजर माझ्यावरच होती.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे आणखी दोन थापा तयार होत्या. पण त्याआधी मागून भुंगा ओरडला. "मी उघडली! मी नळाखाली धरली! पण दोघांना नका पाठवू. मला एकट्याला पाठवा. ताईला राहू दे."

फळ्यांवरची सगळी तोंडं, मला वाटलं, मिटली. मला तोवर खरंच ठाऊक नव्हतं की ही भीती त्याच्याकडेही होती. मी समजत होते, ती सगळी मी उचलली आहे.

मामा स्टुलावर बसले. त्यांनी मामीकडे बघितलं. मग म्हणाले, "पाठवायचं? कुठे?"

"काकूंनी पाठवलं तसं," भुंगा म्हणाला. त्याचं नाक वाहत होतं.

"हे बघ. कवळी वाकली तर कवळी परत येते. माणसं परत पाठवायची पद्धत या घरात नाही."

"असती ना," मामी म्हणाली, "तर यांना मी वीस वर्षांपूर्वीच पाठवलं असतं. डब्यात घालून." आणि पदरानं भुंग्याचं नाक इतक्या जोरात पुसलं की तो कळवळला.

मला वाटलं, आता मामा माझ्याकडे वळतील आणि म्हणतील, किती समजूतदार! भावासाठी काय काय केलंस! ते वळले. म्हणाले, "मुकादम, तू खोटं बोललीस ते एक सोड. वाईट बोललीस, तुला जमत नाही. पण आज हा पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं बिघडवून बसला होता. ते त्याचं होतं. तू ते त्याच्याकडून काढून नेलंस. मग त्याच्याकडे उरलं काय?"

मी रडले. पश्चात्तापानं नाही. रागानं. पाच वर्षं मी जे वाहत होते त्याला या माणसानं एका वाक्यात चोरी ठरवलं होतं. तो राग माझ्यात बरेच दिवस राहिला. आज लिहितानाही त्याची एखादी ठिणगी सापडते. पण त्या ठिणगीच्याच उजेडात मला मामांचा चेहरा आठवतो. तो ओशाळलेला होता. आम्ही सात महिने कशाच्या धाकात त्यांच्या घरात पावलं टाकत होतो, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं होतं.

गुरुवारी दुपारी, शाळेतून आल्यावर, भुंग्याला मास्तरांकडे जाऊन सांगायचं होतं. "मी जिन्याखाली थांबतो," मामा त्याला म्हणाले. "वर तू जायचं."

"मी जाते याच्याबरोबर," मी म्हणाले. त्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून घरी राहिले होते, आणि ते खरंच दुखत होतं.

"तू घरी. दुखतंय ना पोट?"

भुंगा परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते, पण तो गुणगुणत होता. मास्तरांनी त्याला बसवून सगळं ऐकून घेतलं होतं, जुनी कवळी काढून ठेवलेल्या बोळक्या तोंडानं. भुंगा मास्तरांची नक्कल करून सांगत होता, गाल आत ओढून: "आणि फनिवारी मी काय नुफता ताल धरू?" मग त्यांनी विचारलं होतं, उघडून बघावंसं वाटलं का रे? हा म्हणाला, हो. कशी दिसत होती? छान. तेव्हा मास्तर हिरड्यांनी हसले होते. चला, निदान एकानं तरी बघितली. आता एक काम करायचं. शनिवारी तीन वाजता कार्यक्रमाला यायचं. पहिल्या रांगेत, माझ्या बरोबर समोर बसायचं. कवळी पडली तर तुझ्याच मांडीत पडली पाहिजे.

मामा हसत हसत खोकायला लागले. मग कामाला लागले. वाकलेल्या कवळीतून एकेक दात बारीक ज्योतीवर तापवून सोडवायचे होते. ते भुंग्यानं सोडवले. चौदा दात. त्याची बोटं दोनदा पोळली. माझे हात टेबलाखाली एकमेकांना धरून बसले होते. जादा साच्याचा आणखी एक साचा झाला, पुन्हा मेण, पुन्हा डबी, आणि पुन्हा एक ओली चकती. यावेळी भुंग्यानं पंख काढताना जीभ बाहेर काढली नाही.

शुक्रवारी भुंग्याच्या शाळेला सुट्टी होती, आणि माझी चाचणी परीक्षा अकरालाच संपली. मी घरी आले तेव्हा डबी शिजत होती. साडेबाराला गॅस बंद झाला. भुंगा पातेल्यासमोर स्टूल ओढून बसला. मी त्याच्यामागे उभी राहिले.

"मुकादम, तू बाहेर जा," मामा म्हणाले.

"कुठे?"

"मला काय माहीत? पंधरा वर्षांच्या मुली कुठे जातात?"

"मला नाही माहीत."

"मग बघून ये. सहाच्या आत आलीस तर दार उघडणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर साडेपाच तास होते आणि त्यांत माझं काहीच नव्हतं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढले. तो डबी नळाखाली धरेल. तो नक्की धरेल. मग मास्तरांची कवळी खरंच सगळ्यांसमोर पडेल आणि मामांचं ते वाक्य, माणसं परत पाठवायची पद्धत नाही, ते त्यांना गिळावं लागेल. चढून एकदा बोट घालून बघायला काय हरकत होती? मी कान दिला. वरून घोरण्याचा आवाज येत होता. मामा झोपले होते! दुपारी कधी न झोपणारा माणूस, मास्तरांचे दात एका बारा वर्षांच्या पोरावर सोडून, इतक्या मोठ्यानं घोरत होता की ते खरं घोरणं असूच शकत नव्हतं. किंवा असेल. मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मग खाली उतरले. चौकात एका बाकावर बसले. समोर एक माणूस उंच शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. शिडी कुणीच धरली नव्हती. मला बसवेना. मी उठून गेले आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.

वरून तो म्हणाला, "काय गं पोरी?"

"पडाल तुम्ही."

"अगं, वर हुकाला बांधलीय ती. तू सोड, तू हलवतेयस."

मी सोडली. शिडी जिथल्या तिथे राहिली. मी परत बाकावर बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. तो माणूस शीळ घालत पाटीवरचं एकेक अक्षर उजळत होता. हळूहळू माझे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते हे ते खाली आल्यावर समजलं. आई इस्पितळात गेल्यापासून मी पहिल्यांदा भर दुपारी, उघड्या रस्त्यावर, बसल्या बसल्या झोपले.

सहाला वर गेले. डबी उघडलेली होती. मामांनी कवळी साच्यावर ठेवली, पण अंगठा दाबला नाही, भुंग्याकडे बघितलं. भुंग्यानं डावीकडे दाबलं. आवाज नाही. उजवीकडे दाबलं. आवाज नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच 'ताई, कर ना' नव्हतं.

शनिवारी आम्ही चौघंही गेलो. भुंगा पहिल्या रांगेत, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, झेल घ्यायला बसल्यासारखा. मास्तरांनी शेवटचा सूर इतका लांबवला की मामीनं माझं मनगट पकडलं. काही पडलं नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मामा डोळे बारीक करून मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. "आपलाच आहे," ते म्हणाले. मग थांबून, "भुंग्याचा आहे."

आम्ही त्या घरात आणखी आठ महिने होतो. त्या आठ महिन्यांत भुंग्यानं दोन साचे फोडले, एकदा मेण शेगडीवर विसरला, आणि प्रत्येक वेळी स्वतःच येऊन सांगितलं, एकदा तर फोडण्याआधीच, "मामा, हा बहुतेक फुटणार आहे." मी मैत्रिणींबरोबर बाहेर जायला शिकले. ते मला साच्यांपेक्षा अवघड गेलं.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कामाची खोली बंद होऊन वर्षं झाली. त्यांच्या तोंडात आता यंत्रावर बनलेली कवळी आहे, आणि भेटलं की त्यांची तक्रार ठरलेली असते: "सगळे सरळ आहेत गं. एकही वाकडा नाही. खोटं वाटतं हसताना." भुंगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या सहीवर रोज शेकडो माणसं वरखाली करतात. माझी मुलगी चौदाची आहे. ती वह्या विसरते, किल्ल्या हरवते, आणि मी कितीदा तरी त्या तिसऱ्या पायरीवर उभी असते. कधी खाली उतरते, कधी उतरवत नाही. उतरते तेव्हा मनात मामांना हात जोडते. तोंडावर आभार मानले तर ते म्हणतील, कशाचे? मी झोपलो होतो.

आई बरी होऊन आम्हाला न्यायला आली तो दिवस मला लख्ख आठवतो. ती बारीक झाली होती आणि जिना चढून दमली होती. मामीनं तिला पाणी दिलं आणि उगाचच मामांना रागावत राहिली. निघायची वेळ झाली. दारात आमच्या दोन पिशव्या होत्या. मी वाकले आणि सवयीनं दोन्ही उचलल्या.

भुंगा पुढे झाला. त्यानं माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, त्याची पिशवी काढून घेतली, आणि गुणगुणत जिना उतरू लागला. पिशवी त्याला जड जात होती, प्रत्येक पायरीवर आपटत होती. मी मामांकडे बघितलं. मामा भिंतीकडे बघत होते.